घरोघरच्या बखरी

१८९८ साली वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची कडक झडती घेतली. बखरकारांचे सन चुकतात, स्थळे चुकतात, धन्याची बाजू राखण्यासाठी प्रसंग फुगवले किंवा गाळले जातात. तेव्हा त्या त्या वेळी लिहिलेला अस्सल कागद हाच खरा पुरावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या अभ्यासकांनी या आग्रहाला थोडी मुरड घातली. र. वि. हेरवाडकरांसारख्यांनी बखर वाङ्मय म्हणून वाचायला शिकवले. बखर कुठे चुकते एवढेच न पाहता ती कुणी, कुणासाठी आणि कशासाठी लिहिली हे विचारले, तर तिच्यातूनही इतिहास निघतो, हे आता कुणी नाकारत नाही. हा जुना वाद इथे काढण्याचे कारण असे की, मराठी घरांत गेली शंभर-सव्वाशे वर्षे ही दोन्ही प्रकारची साधने एकाच कपाटात, एकाच पुठ्ठ्याच्या आत साठत आली आहेत. सुटा फोटो हा कागद आहे. अमुक क्षणी अमुक माणूस कॅमेऱ्यासमोर होता एवढे तो सांगतो आणि गप्प बसतो. अल्बम ही बखर आहे. ती कुणीतरी निवडून, क्रम लावून, मथळे घालून तयार केलेली असते आणि आल्यागेल्यासमोर वाचून दाखवण्यासाठी असते. अल्बममध्ये माणसाचे आयुष्य उतरते, असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते त्यात उतरते ती घराण्याची बखर. ती बखर म्हणून वाचली तर तिच्याइतके बोलके साधन नाही, आणि पुरावा म्हणून वाचली तर तिच्याइतके फसवे साधन नाही.

मुंबईत फोटोग्राफी फार लवकर पोचली. पॅरिसमध्ये दागेरची रीत जाहीर झाली १८३९ मध्ये. त्यानंतर पंधरा वर्षांत, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. हिंदुस्थानातली ही पहिली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या मोजक्या एतद्देशीय सभासदांपैकी. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण हे तिथे शिकून या धंद्यात उतरले. म्हणजे हे तंत्र मुंबईत साहेबाच्या बरोबरीनेच इथल्या माणसाच्याही हाती आले होते. मात्र त्या काळात छापून, बांधून लोकांपुढे आलेले अल्बम पाहिले तर त्यांत घर नाही, कुटुंब नाही. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या नोकरदाराने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींचे अल्बम काढले. लंडनहून १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंडांचे सरकारी प्रकाशन निघाले. या ग्रंथांत बहुतेक माणसांना जात आहे, धंदा आहे, पोशाख आहे, नाव नाही. शिवाय जॉन्सनच्या चित्रांत एक चलाखीही आहे. माणसांचे फोटो वेगळे काढायचे, देखाव्याचे वेगळे काढायचे आणि छापताना ती माणसे त्या देखाव्यासमोर उभी करायची, असा त्याचा शिरस्ता होता. शास्त्रीय नोंद म्हणून मिरवणाऱ्या या पानांत जागा एकीकडची आणि माणूस दुसरीकडचा आहे. सुटा फोटो हा अस्सल कागद असला, तरी तो अल्बमच्या पानावर चढताना काय होते, याचा हा आपल्याकडचा पहिलावहिला धडा म्हणायला हरकत नाही.

घरगुती अल्बम आला तो वेगळ्याच वाटेने, आणि त्याला कारण झाले एक माप. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये एका काचेवर अनेक लहान फोटो घेण्याचे पेटंट घेतले. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर डकवलेले हे फोटो स्वस्त पडत आणि सगळे एकाच आकाराचे असत. आकार एक झाल्यामुळेच जाड पानांना खाचा पाडून त्यांत फोटो सरकवायचे बांधीव पुस्तक शक्य झाले. १८६० मध्ये लंडनला राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे असे फोटो विक्रीला आले आणि घरोघर अल्बम ठेवण्याची फॅशन सुरू झाली. या पुस्तकांत आपल्या माणसांशेजारी राजघराण्यातली, दरबारातली, नाटकातली माणसेही ठेवली जात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सुरुवातीचा अल्बम वंशावळीपेक्षा ओळखीपाळखीच्या यादीला जास्त जवळ होता. आपण कुणाला ओळखतो, कुणाच्या पंगतीला बसतो, हे तो सांगत असे. मुंबईच्या शेठियांनी आणि सरकारी नोकरीतल्या घराण्यांनी त्याचा हाच उपयोग प्रथम उचलला. गोव्याच्या माणसांनी ही कला समुद्रापार नेली. झांजिबारला ए. सी. गोम्स आणि जे. बी. कुटिन्हो या गोवेकरांचे स्टुडिओ नावाजलेले होते आणि पूर्व आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावरचे अरब, युरोपीय, हिंदी असे सगळेच त्यांच्या पडद्यासमोर बसले.

स्टुडिओच्या काळात एका माणसाच्या वाट्याला आयुष्यात चार-दोन फोटो येत. मुंज, पदवी, लग्न, पहिले मूल. आणि कधी कधी मेल्यावर, तिरडी उचलण्याआधी घाईघाईने काढलेला एक. मधली वर्षे कोरीच. याला निव्वळ गरिबी कारण नव्हती. फोटो काढून घेणे हा एक विधी होता. ठेवणीतले लुगडे, उसनी शालजोडी, टेबलावर घड्याळ किंवा फुलदाणी, हातात पुस्तक, मागे रंगवलेला खांब आणि जिना. पुस्तक हाती धरलेली बाई वाचायला शिकलेली असेल किंवा नसेलही. ती शिकलेली दिसावी असे घरातल्या कुणाला तरी वाटत होते, हे मात्र नक्की. हीच बखरीची भाषा आहे. सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली तेव्हा त्याला धनी ठाऊक होता आणि हेतूही ठाऊक होता. स्टुडिओतल्या फोटोग्राफरलाही धनी ठाऊक असे. पैसे देणारा खुर्चीत बसे. अर्थात पडद्यासमोर बसायला सगळेच राजी नव्हते. धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाकडे वळण्याच्या पुष्कळ आधी गोध्र्याला स्टुडिओ थाटून बसले होते. प्लेगने पत्नी आणि मूल गेले आणि तो अध्याय तिथेच संपला. प्लेगने पत्नी आणि मूल गेले आणि तो अध्याय तिथेच संपला.

कागद आणि बखर यांतला फरक एकाच चित्रात पाहायचा असेल तर १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेला आनंदीबाई जोशी यांचा फोटो घ्यावा. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातल्या तीन विद्यार्थिनी त्यात आहेत: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केइ ओकामी आणि सीरियन पोशाखातल्या साबात इस्लामबुली. फोटोखाली तिघींची नावे आहेत आणि प्रत्येकीच्या नावामागे ‘डॉक्टर’ लावलेले आहे. आता तारखा लावून पाहा. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे फोटो काढला त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. चित्र १८८५चे, मथळा नंतरचा. ज्याने तो लिहिला त्याला या तिघी पुढे काय झाल्या हे माहीत होते, आणि त्या शेवटाच्या उजेडात त्याने मागचा दिवस सजवला. मथळ्यावर विश्वास ठेवला तर सन चुकतो. मथळा काढून टाकला तर तीन परदेशी पोशाखांतल्या अनोळखी बायका उरतात. दोन्ही एकत्र वाचावे तेव्हा कळते की एका कॉलेजला आपल्या कामगिरीची कशी आठवण ठेवायची होती. तिघींना आपापल्या देशाच्या वेशात बसवले होते, हीसुद्धा निवडच. रोज प्रेतविच्छेदनाला त्या याच वेशात उभ्या राहत असतील असे कुणी समजू नये. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल या बाईंनी बॉस्टनहून त्यांचे इंग्रजी चरित्र छापले. वैद्यकीचा व्यवसाय त्यांच्या हातून जवळजवळ झालाच नाही. आपल्या मनात त्या डॉक्टर म्हणून ठसल्या, त्यात या फोटोचा आणि त्याखालच्या शब्दाचा वाटा मोठा आहे.

घरातल्या मथळ्यांचेही असेच आहे आणि ते वाचायचे एक शास्त्र करता येईल. काळ्या जाड कागदाची पाने, मध्ये जाळीदार पातळ कागद, फोटो अडकवायचे चार तिकोनी कोपरे आणि खाली पांढऱ्या शाईने लिहिलेली ओळ, असा जुना मराठी अल्बम असतो. त्या ओळीत ‘चि.’, ‘सौ.’, ‘ती.’ ही बिरुदे असतात आणि त्यांच्यामुळे लिहिणारा त्या घरात कुठे उभा होता हे लगेच कळते. ‘ती. दादा’ असे लिहिणारा धाकटा असतो, ‘चि. बाळ’ लिहिणारा वडीलधारा. बायकोचे नाव न लिहिता नुसते ‘सौ. व मी’ एवढेच लिहिलेले असते. नंतर कधीतरी एखाद्या नावामागे वेगळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात ‘कै.’ चढते. हा ‘कै.’ फोटोपेक्षा अधिक इतिहास सांगतो, कारण त्यावरून अल्बम किती वर्षे हाताळला जात होता, तो कुणाच्या ताब्यात गेला आणि कुणाचे मरण त्यात नोंदवावेसे वाटले, हे उमगते. वंशावळीत आणि कुलवृत्तान्तांत पुरुषांची साखळी असते. मुली लग्न होऊन त्यातून बाहेर पडतात आणि सुना दुसऱ्याच्या नावाखाली आत येतात. अल्बममध्ये मात्र माहेर आणि सासर एका पानावर भेटते, कारण पुष्कळ घरांत तो बाईच्या ट्रंकेत असे आणि चिकटवण्याचे काम तिच्याकडे असे. आत्या, मावशी, मामेभावंडे, शेजारची मैत्रीण यांना कुलवृत्तान्तात जागा नाही, अल्बममध्ये आहे. घराण्याचा इतिहास बायकांनी संपादित केला असे मराठीतले साधन शोधायला गेलो तर अल्बमखेरीज फारसे काही हाती लागत नाही. इतिहासकारांनी त्याकडे इतके दिवस का दुर्लक्ष केले, याचे उत्तरही बहुधा यातच आहे.

रोलचा कॅमेरा घरात आल्यावर बखरीचा लेखक बदलला. कोडॅकने १८८८ मध्ये सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा दिला आणि १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी काढला; आपल्याकडच्या मध्यमवर्गाला मात्र स्वातंत्र्यानंतरचा, बडोद्यात बनणारा आगफाचा क्लिक थ्री अधिक ओळखीचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. रोल महाग, परदेशी मालावर निर्बंध, आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यातून देशी फिल्म निघू लागली ती १९६७ मध्ये, म्हणून बारा फोटो पुरवून पुरवून वापरायचे. गणपतीत घातलेला रोल दिवाळीत अर्धा व्हायचा आणि मे महिन्याच्या सुटीत संपल्यावर धुवायला जायचा. त्या काळच्या अल्बममध्ये आरास, किल्ला आणि समुद्र एकाच पानावर का येतात याचे कारण कथानकात शोधू नये. ते रोलच्या किमतीत आहे. पण याहून मोठा फरक वेगळाच आहे. स्टुडिओच्या काळात वडील चित्राच्या मधोमध खुर्चीत असत. आता कॅमेरा त्यांच्या हाती गेला आणि ते चित्रातून नाहीसे झाले. ऊन पाठीशी ठेवून फोटो काढायचा हा नियम असल्यामुळे कधी कधी त्यांची सावली तेवढी मुलांच्या पायाशी येऊन पडते. १९६० ते १९८५ या काळातल्या अल्बमांत वडिलांचे फोटो कमी दिसले म्हणून ते घरात नव्हते असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक फसेल. बखरीत बखरकार सहसा दिसत नाही, पण प्रत्येक वाक्य त्याचेच असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही बखर म्हणजे उघड खोटेपणा आहे. अल्बममध्ये भांडण नसते, कर्ज नसते, नापास झालेला दिवस नसतो, रुग्णशय्या नसते. सगळे हसरे, नटलेले आणि पाटावर बसलेले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू याने १९६५ मध्येच हे मांडले की घरगुती फोटोग्राफीचे मुख्य काम कुटुंबाची एकी साजरी करणे हे आहे. हे खरे आहे आणि आपल्याकडे तर अधिकच खरे आहे. सोवळ्या विधवांचेच घ्या. ब्राह्मण घरांत आलवण नेसलेल्या, केशवपन केलेल्या बायका घराचा अर्धा भार उचलत, पण शुभकार्यात त्यांना पुढे येण्याची मनाई असे. आणि फोटो तर शुभकार्यातच निघत. तेव्हा लग्नमुंजींचे फोटो घेऊन एखाद्या घराची माणसे मोजायला बसलो, तर जी सर्वांत जास्त राबत होती तीच गळते. स्वयंपाकघर जवळजवळ येतच नाही. अंधार असे, धूर असे आणि तिथे फोटो काढण्याजोगे काही घडते असे कुणाला वाटत नसे. पण आक्षेप घेणारे इथे थांबतात ते चूक आहे. गाळण्यालाही नियम असतो, आणि नियम सापडला की गाळलेलेच पुरावा होते. पाच बहिणींपैकी चौघींच्या लग्नाचे फोटो असून पाचवीचा नसेल, एखाद्या समूहातून एक चेहरा कात्रीने कापून काढला असेल, चार कोपरे जागच्या जागी असून मधला फोटो उचकटलेला असेल, तर त्या मोकळ्या जागेने प्रश्न विचारला आहे. भाऊसाहेबांच्या बखरीत तारखा चुकल्या म्हणून पानिपतानंतर मराठी मनाला काय वाटले हे त्या बखरीतून कळायचे राहत नाही. पराक्रम कुठे वाढवून सांगितला आहे यावरूनच दुखणे कुठे होते ते समजते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अल्बम ही पोटभर जेवणाऱ्यांची चैन. ज्यांच्या घरी कपाटच नव्हते त्यांच्या जीवनकथेचे काय? स्टुडिओच्या काळापुरता हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. पण त्याचा अर्थ इतर लोकांनी फोटोशी नातेच जोडले नाही असा नाही. त्यांच्याकडे अल्बमऐवजी भिंत होती. एका काचेच्या चौकटीत पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो, जत्रेत मोटारीच्या किंवा विमानाच्या पडद्यासमोर काढलेला एक, पंढरपूरला विठोबाशेजारी उभे राहून काढलेला एक, गेलेल्या माणसाचा हार घातलेला एक. चाळीतल्या खोलीत आणि गावच्या घरात ही चौकटच अल्बमचे काम करी. आणि जिथे फोटो काढून घेणे हे हक्काचे विधान होते, तिथे त्याला चैन म्हणणे चालत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कुटुंबाचा फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. त्यात बाबासाहेब, रमाबाई, मुलगा यशवंत, थोरल्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी नावाचा कुत्राही आहे. पहिल्या नजरेला हे सुखवस्तू कुटुंबाचे चित्र वाटते आणि तसे वाटणे हाच त्याचा जोर आहे. ज्या समाजाला पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते त्यातला एक माणूस दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतः बांधलेल्या घरात कुटुंबासह कॅमेऱ्याकडे बघतो आहे. पण कागद म्हणून हा फोटो किती थोडे सांगतो तेही पाहा. बाबासाहेब आणि रमाबाईंची चार मुले लहानपणीच गेली होती, यशवंत हे उरलेले एकटेच, हे चित्रात कुठे नाही. पुढच्या वर्षी २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या, हेही नाही. ते सांगायला शेजारी कुणीतरी लागते. महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेतला बाविसावा खंड छायाचित्रांचा काढला गेला, तो याच गरजेतून. लाखो घरांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा निळा कोट आहे. त्या एका चित्राचे आयुष्यात रूपांतर व्हायला पानांची माळ लागते.

एका माणसाचे आयुष्य फोटोंच्या पुस्तकात बांधण्याचे हे काम किती अवघड आहे ते गांधीजींच्या बाबतीत दिसते, कारण तिथे फोटोंचा तुटवडा नव्हता, पूर होता. रत्नागिरीकडच्या दि. गो. तेंडुलकरांनी १९५१ ते १९५४ या काळात ‘महात्मा’ हे आठ खंडांचे चरित्र काढले आणि त्यासाठी विठ्ठलभाई झवेरींनी ठिकठिकाणांहून फोटो गोळा केले. चरित्राइतकाच तो संग्रह महत्त्वाचा ठरला. सेवाग्रामला कनू गांधींना बापूंचे फोटो काढण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ मागायची नाही आणि आश्रमाच्या पैशातून खर्च करायचा नाही. या अटींमुळे कनूंच्या फोटोंत पाठमोरे, झोपलेले, वजनकाट्यावर उभे राहिलेले गांधीजी येतात आणि अधिकृत चित्रांपेक्षा वेगळी कथा तयार होते. तरीही ती कथाच. कनू घरातले होते आणि घरच्या माणसाच्या नजरेलाही तिच्या मर्यादा असतात. या मर्यादेवर उपाय म्हणून काहींनी ज्याचे आयुष्य त्यालाच बोलू दिले. दयानिता सिंग यांचे ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे २००१चे पुस्तक दिल्लीत कबरस्तानात राहणाऱ्या एका हिजड्याची कहाणी आहे आणि त्यात मोनाने प्रकाशकाला पाठवलेल्या ई-मेलमधून मोनाचेच शब्द येतात. तिथे मथळा फोटोला खोडतो, कधी फोटो मथळ्याला खोडतो. विवान सुंदरम यांनी याच सुमारास आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेले कुटुंबाचे फोटो संगणकावर एकत्र जोडून, कधीच एकत्र न बसलेली माणसे एका खोलीत आणली. जॉन्सनने जे लपवून केले ते सुंदरम यांनी उघडपणे केले. मला या उघडेपणात अधिक प्रामाणिकपणा दिसतो. अल्बम रचलेला असतो हे मान्य करूनच त्यांचे काम सुरू होते.

ऐंशीच्या दशकात रंगीत लॅब गल्लोगल्ली निघाल्या आणि रोल धुतला की प्लॅस्टिकच्या पाकिटांचा छोटा अल्बम फुकट मिळू लागला. तिथूनच मथळे गेले. फोटो ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पाकिटात सरकवले गेले, निवडणे संपले आणि लिहायला जागाही राहिली नाही. पुढे लग्नाचा करिझ्मा अल्बम आला. त्यात रचना पुष्कळ असते, पण ती घरातल्या माणसाची नसते. फोटोग्राफरच्या संगणकावर आधीच तयार असलेल्या साच्यात नवरा-नवरी बसवली जातात, म्हणून सांगलीचा अल्बम आणि ठाण्याचा अल्बम चेहरे झाकले तर ओळखू येत नाहीत. मग मोबाइल. इथे तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो तरुणांकडून येतो: आता रोजचे जेवण, रोजची भांडणे, दवाखाना, स्वयंपाकघर सगळे चित्रित होते, बारा फोटोंची कंजुषी नाही, मग जीवनकथा अधिक खरी आणि पुरी का होणार नाही? कागदांच्या बाबतीत हे म्हणणे बरोबर आहे. पन्नास वर्षांनी एकविसाव्या शतकातल्या मराठी स्वयंपाकघराचा अभ्यास करणाऱ्याला आजच्याइतकी सामग्री कधीच मिळाली नसेल. पण कागदांचे रुमाल म्हणजे इतिहास नव्हे, हे पेशवे दप्तरात बसलेल्या कुणालाही माहीत आहे. हजारो फोटोंतून चाळीस कुणी निवडले, कुठल्या शेजारी कुठला लावला आणि त्याखाली काय लिहिले, हे झाल्याशिवाय आयुष्य दिसत नाही, नुसते दिवस दिसतात. फोन आपल्यासाठी ही निवड करून देतो, ‘आठवणी’ या नावाखाली गाणे लावून देतो. पण त्याला ‘ती.’ आणि ‘चि.’ यांतला फरक कळत नाही, आणि घरातल्या कुणाचे कुणाशी बोलणे बंद आहे हेही माहीत नसते. जुन्या बखरकाराचा पक्षपात निदान कुणाचा तरी होता आणि म्हणून तो पकडता येत असे.

या साधनाचे वय मात्र फार नाही. काळे-पांढरे फोटो नीट हायपोत मुरवून भरपूर पाण्यात धुतले असतील तर शंभर वर्षे टिकतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंतले रंग मात्र आताच विटले आहेत, आणि ज्या अल्बममध्ये पानाला गोंद असून वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो तो तर फोटोंचा वैरीच. त्याहून लवकर जाते ती माहिती. जुन्या बाजारात किलोवारी विकायला आलेले अल्बम सुस्थितीत असतात. फक्त त्यांतल्या एकाही माणसाचे नाव सांगणारे कुणी उरलेले नसते, आणि नाव गेले की बखर संपून पुन्हा नुसता कागद उरतो. तेव्हा ज्यांच्या घरी असे अल्बम आहेत त्यांनी एवढे करावे: घरातल्या सर्वांत वयस्क माणसासमोर पाने उलटावीत आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने, बॉलपेन अजिबात न वापरता, नावे, नाती, गाव आणि साल लिहावे. डावीकडून उजवीकडे लिहावे. साल नक्की नसेल तर अंदाजे असे लिहावे. फोटोत जो नाही आणि असायला हवा होता त्याचेही नाव लिहावे. घर आवरताना अल्बम टाकून देण्याची वेळ आलीच तर रद्दीवाल्याच्या आधी जवळच्या ग्रंथालयाला, संग्रहालयाला किंवा इतिहास मंडळाला विचारावे, आणि त्यांनी नाही म्हटले तर दुसऱ्याला विचारावे.